लढाऊ कलांची परीक्षा कशी घ्यावी?

शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि क्रीडादिनी एक कार्यक्रम आता हमखास असतो. पांढऱ्या गणवेशातील मुले रांगेने येतात, एका सुरात ओरडून हवेत ठोसे मारतात. मग दोन विटांवर ठेवलेली कौले हाताच्या एका फटक्यात फुटतात आणि शेवटी नववीतली एखादी मुलगी दोन ‘गुंडांना’ लोळवते. टाळ्या पडतात. पुढच्या पालक-शिक्षक सभेत स्वसंरक्षणाचा वर्ग सुरू करण्याचा ठराव येतो आणि मुख्याध्यापक शिक्षकखोलीत विचारतात, कराटे घ्यावे, ज्यूदो घ्यावे की तायक्वांदो? यातले खरोखर उपयोगी काय?

हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकांकडे सहसा येत नाही. आमच्या मते तो त्यांच्याकडेच यायला हवा. एखाद्या औषधाने रोग बरा होतो असा दावा कोणी केला, तर आपण विचारतो की कोणाला दिले, कोणाला दिले नाही, किती जण बरे झाले. एखाद्या शिक्षणाने संकटात बचाव होतो हाही तसाच दावा आहे. त्याला मात्र टाळ्या मिळतात, प्रश्न मिळत नाहीत.

प्रथम कौलांकडे पाहू. यात लबाडी असते असे मुळीच नाही. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या एप्रिल १९७९च्या अंकात फेल्ड, मॅकनेअर आणि विल्क यांनी कराटेच्या भौतिकशास्त्रावर लेख लिहिला होता. यांपैकी रोनाल्ड मॅकनेअर हे भौतिकशास्त्रज्ञ तर होतेच, कराटेतील काळ्या पट्ट्याचे मानकरीही होते. पुढे अंतराळवीर झाले आणि १९८६ साली चॅलेंजर यानाच्या अपघातात गेले. शीघ्रगती छायाचित्रांवरून त्यांनी दाखवले की कसलेल्या हाताचा वेग सेकंदाला १० ते १४ मीटरपर्यंत जातो, आणि आघात काही मिलिसेकंदांचाच असला तरी बल ३००० न्यूटनच्या वर जाते. हाड काँक्रीटपेक्षा किती तरी पट अधिक ताण सोसते, म्हणून योग्य जागी आघात केला तर हात शाबूत राहतो आणि काँक्रीट तुटते. आणखी एक मजेशीर गोष्ट अशी की सरळ ठोशात मुठीचा वेग सर्वाधिक असतो तो हात पूर्ण लांबण्यापूर्वी, साधारण तीन-चतुर्थांश लांबला असताना. ‘फळीवर नव्हे, फळीच्या पलीकडे मारा’ या गुरुजींच्या उपदेशामागे हे कारण आहे.

तेव्हा फळी फुटणे खरे. पण ती कशी ठेवलेली असते तेही पाहावे. फळीचे तंतू आधारांना समांतर ठेवतात, म्हणजे भेग तंतूंच्या बाजूने धावते. लाकूड त्या दिशेने सहज फाटते हे कुऱ्हाड चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फळी कोरडी असते. कौल दाब सोसते, ताण सोसत नाही. वरून आघात झाला की खालच्या पृष्ठभागावर ताण येऊन तेथूनच भेग सुरू होते. कौलांच्या चळतीत मध्ये पेन्सिलीचे तुकडे ठेवले, तर ती सगळी एकदम न फुटता एकामागून एक फुटतात. वर्गात हे सहज समजावता येते आणि समजवावेही. वाकणाऱ्या तुळईचा धडा इतक्या आवडीने दुसरीकडे कुठे शिकला जाईल?

मात्र फळी जागची हलत नाही. तिचे अंतर आणि मारण्याचा क्षण दोन्ही मारणाराच ठरवतो. म्हणून कौल फोडण्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला मुलगा कौल फोडण्यात तरबेज आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते.

आता दुसरी बाजू, म्हणजे ठोसा अडवणे. बहुतेक वर्गांत हे असे शिकवतात: समोरच्याने उजव्या हाताने ठोसा मारला की डाव्या हाताने असा अडवा, त्याने गळा धरला की हात असे वर घ्या, सुरा काढला की मनगट असे पिरगाळा. प्रत्येक हल्ल्याला एक ठराविक उत्तर. कवायतीत हे फार सुबक दिसते. पण हिशेब करू. ऑलिंपिक दर्जाच्या मुष्टियोद्ध्यांवरील मोजणी २००५ साली प्रसिद्ध झाली आहे. तीत आघाताच्या वेळी मुठीचा वेग सरासरी सेकंदाला ९ मीटरच्या आसपास आणि बल सुमारे ३४०० न्यूटन आढळले. मूठ शून्य वेगापासून सुरू होते, म्हणून सरासरी वेग निम्मा, ४.५ मीटर धरू. समोरचा ६० सेंटिमीटरवर उभा असेल, तर मूठ सुमारे ०.१३ सेकंदात पोचते. सामान्य माणसाचा वेग याहून कमी असेल, म्हणून ०.२ सेकंद धरा.

मुलांचा प्रतिसादकाळ मोजायला एक फूटपट्टी पुरते. एकाने पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवावी, दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि बोट उघडे ठेवावे. पट्टी न सांगता सोडायची आणि चिमटीत पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर काळ ०.२ सेकंद, ३० सेंटिमीटर घसरली तर जवळजवळ ०.२५ सेकंद. आणि इथे मुलाला फक्त चिमूट मिटायची आहे. आख्खा हात उचलून आडवा न्यायचा नाही. आता याच प्रयोगात दोन पट्ट्या, दोन हात घ्या, आणि कोणती सुटणार हे सांगू नका. घसरलेले अंतर वाढलेले दिसेल. पर्याय वाढले की प्रतिसादाला लागणारा वेळ वाढतो, आणि पर्याय दुप्पट झाले की त्यात साधारण सारखीच भर पडते, हे १९५२ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ हिक यांनी मोजून दाखवले. सरावाने ही भर कमी होते, हेही खरे. पण ती पार नाहीशी व्हावी इतका सराव आठवड्यातून दोन तासांच्या वर्गात होत नाही.

याचा अर्थ स्पष्ट आहे. निघालेली मूठ पाहून उत्तर निवडायला वेळच नसतो. मुष्टियोद्धे ठोसे चुकवतात ते मूठ पाहून नव्हे. खांदा, पावले आणि अंतर यांवरून मूठ निघण्यापूर्वीच अंदाज बांधून. हा अंदाज पुस्तकातून येत नाही आणि आज्ञा मिळाल्यावर ठोसा मारणाऱ्या जोडीदाराकडूनही येत नाही. खरोखर लागावे म्हणून मारणाऱ्या, हुलकावणी देणाऱ्या माणसासमोर शेकडो वेळा उभे राहिल्यावरच येतो. वीस हल्ल्यांना वीस उत्तरे शिकवणारा अभ्यासक्रम म्हणूनच आम्हांस मुळात चुकीच्या पायावर उभा वाटतो. शिकवणारा प्रामाणिक असला तरी.

येथे एका शिक्षकाची आठवण काढणे योग्य होईल. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो (१८६०–१९३८) हे टोकियोच्या उच्च शिक्षक-प्रशिक्षण शाळेचे अनेक वर्षे मुख्याध्यापक होते. तरुणपणी त्यांनी जुजुत्सूच्या दोन जुन्या घराण्यांत शिक्षण घेतले आणि १८८२ साली कोदोकान ही आपली संस्था काढली. जुन्या घराण्यांत घातक डाव पुष्कळ होते आणि ते अर्थातच जोडीदाराच्या सहकार्यानेच, सावकाश, करावे लागत. नाही तर रोज एक विद्यार्थी जायबंदी झाला असता. कानोंनी मुक्त लढतीतून हे डाव काढून टाकले. उरले फेकणे, दाबून धरणे आणि काही मर्यादित पकडी. पण उरलेले डाव विद्यार्थी रोज, पूर्ण जोराने, पडायचे नाही अशा जिद्दीने उभ्या असलेल्या जोडीदारावर करू लागले. घातक डाव काढून टाकल्याने कला अधिक परिणामकारक झाली, हे वरवर पाहता विपरीत वाटते. कारण साधे आहे: ज्याचा खरा सराव करता येतो तेच अंगी मुरते.

हे आपल्याकडे नवीन वाटू नये. तालमीतला पोरगा जोर-बैठका काढतो, पण पैलवान होतो तो हौद्यातल्या रोजच्या लढतीने. वस्ताद त्याला पट काढायला शिकवतो आणि लगेच वरचढ जोडीशी भिडवतो. पट लागला की नाही हे समोरचा सांगतो, वस्ताद नव्हे. ठरवून पडणाऱ्यासाठी आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ असा खास शब्द आहे, आणि तो शिवीसारखा वापरतात. हवेत ठोसे मारणाऱ्या वर्गांना हा शब्द ऐकवावा असे कधी कधी वाटते.

पण तालमीचीही एक मर्यादा लक्षात घ्यावी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीत तयार झालेल्या या मल्लाची गादीशी ओळख जवळजवळ नव्हती. ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत, गादीवरच्या कुस्तीची तयारी करून गेल्यावर, त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. ताकद आणि डाव १९४८ सालीही होतेच. मातीत पाय रुततात आणि दोन्ही खांदे टेकल्यावर कुस्ती निकाली होते. गादीवर पायांचा वेग वेगळा आणि हिशेब गुणांचा. सराव ज्या परिस्थितीत होतो तिच्याशी कौशल्य चिकटून बसते.

आता एक युक्तिवाद, जो आम्ही अनेकदा ऐकला आहे. ‘आमची कला इतकी घातक आहे की तिची लढत घेताच येत नाही.’ डोळे, गळा, जांघ यांवरचे आघात, मर्मस्थाने, आणि एक पायरी वर गेले की स्पर्शावाचून पाडणारी ‘शक्ती’. विज्ञानाच्या शिक्षकाने हे ऐकताच सावध व्हावे. जो दावा तपासताच येत नाही अशी त्याची रचना केली आहे, त्याला पुरावा आपोआपच लागत नाही. जपानमध्ये यानागी रियुकेन नावाचे गुरू नुसत्या हातवाऱ्यांनी शिष्यांना दूरवर लोळवत. २००६ साली त्यांनी एका बाहेरच्या लढवय्याचे आव्हान जाहीरपणे स्वीकारले. हातवाऱ्यांचा त्याच्यावर काही परिणाम झाला नाही आणि वृद्ध गुरू मार खाऊन पडले. त्या चित्रफितीतला विचार करण्याजोगा भाग पराभवाचा नाही, आव्हान स्वीकारण्याचा आहे. ते ढोंग करत असते तर असे आव्हान त्यांनी टाळले असते. वर्षानुवर्षे शिष्य पडत राहिले, कारण आधीचे शिष्य पडत होते आणि गुरूंपुढे न पडणे हा उद्धटपणा ठरला असता. आणि त्या पडण्यावरून गुरूंचाही स्वतःवर विश्वास बसला. आदरयुक्त वर्गात चुकीची कल्पना किती दिवस टिकू शकते याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे आम्हांला माहीत नाही. शिक्षकांना तर ते अधिकच झोंबावे.

२०१७ सालच्या एप्रिलमध्ये चीनमधील चेंगदू येथे शू श्याओदोंग या लढवय्याने ताइचीच्या एका प्रसिद्ध गुरूला वीस सेकंदांच्या आत हरवले, तेव्हा चीनमध्ये मोठा गदारोळ झाला. पण येथे आपणही घाई करू नये. एका ताइची शिक्षकाचा पराभव हे एक निरीक्षण आहे. दोघांच्या वयात, सरावात, लढण्याच्या सवयीत फरक होता. त्या लढतीतून ‘ताइची निरुपयोगी’ असे निघत नाही; ‘लढतीचा सराव नसलेला माणूस लढतीचा सराव असलेल्यासमोर टिकत नाही’ एवढेच निघते. पण तेवढे पुष्कळ आहे.

शैली शैलीशी भिडवून निकाल लावण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे झाला. आठ लढवय्ये, एकच रात्र, वजनगट नाहीत. चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे एवढेच मुख्यतः वर्ज्य. सुमारे ऐंशी किलोच्या रॉयस ग्रेसी या ब्राझीलच्या तरुणाने तिन्ही लढती जेमतेम पाच मिनिटांत जिंकल्या, त्याही बहुतांशी जमिनीवर, पकडी घालून. त्याची विद्या मूळची कानोंच्याच संस्थेतली. कोदोकानचे मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला गेले आणि त्यांच्याकडून ती ग्रेसी घराण्यात आली. त्या रात्रीनंतर जगभरच्या कराटेवर्गांत अस्वस्थता पसरली, आणि ती योग्यच होती.

तरीही हा प्रयोग म्हणून कसा होता? आयोजकांपैकी एक रॉयसचा मोठा भाऊ. प्रतिस्पर्ध्यांतील मुष्टियोद्धा एकाच हातात मोजा घालून उतरला होता आणि जमिनीवर काय करायचे हे त्याला ठाऊकच नव्हते. म्हणजे आम्ही याला प्रयोग कमी आणि जाहिरात अधिक म्हणू. पण जाहिरातीतूनही सत्य बाहेर येऊ शकते, कारण प्रतिस्पर्धी सहकार्य करत नव्हते. खरा धडा पुढच्या दहा वर्षांत मिळाला. मल्ल ठोसे मारायला शिकले, ठोसेबाज पाडले न जाण्याचे शिकले, आणि कोणतीही एकच शैली पुरेनाशी झाली. टिकून राहिल्या त्या सरावाच्या पद्धती: मुष्टियुद्ध, कुस्ती, ज्यूदो आणि त्यातून निघालेली जुजुत्सू, थायलंडचे मुए थाय. या सगळ्यांत समान काय? त्यांच्या रोजच्या तालमीत समोरचा माणूस खरा विरोध करतो.

नियम बदलले की ‘परिणामकारक’ या शब्दाचा अर्थ बदलतो, याचा कडेलोट टोकियोत दिसला. ७ ऑगस्ट २०२१ रोजी कराटेच्या ऑलिंपिक अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हामेदी ४–१ असा पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेह याला अशी बसली की त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. लाथ नियमापेक्षा जोरात बसली म्हणून हामेदी बाद झाला आणि स्ट्रेचरवरच्या गंजजादेहला सुवर्णपदक मिळाले. यात कोणाची चूक नाही; जोर आवरणे हेच त्या खेळाचे कौशल्य आहे. पण असा सराव अंगी बाणलेला खेळाडू रस्त्यावर काय करील, याचा विचार स्वसंरक्षण म्हणून तो खेळ शिकवणाऱ्याने करायला नको का?

सरावपद्धतीवर शिक्षणशास्त्राच्या बाजूनेही काही सांगता येते. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ साली एक साधा प्रयोग केला. हाताने छोटे अडथळे ठराविक क्रमाने पाडण्याची तीन कामे होती. एका गटाने पहिले काम पुन्हा पुन्हा केले, मग दुसरे, मग तिसरे. दुसऱ्या गटाने तिन्ही मिसळून केली. सरावाच्या वेळी पहिला गट झपाट्याने पुढे गेला. दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा मात्र मिसळून शिकलेला गट सरस ठरला. एकाच प्रकारची दहा गणिते ओळीने सोडवणारा वर्ग त्या तासाला हुशार दिसतो आणि वार्षिक परीक्षेत गोंधळतो, तसेच हे. रांगेत उभे राहून एकच ठोसा शंभरदा मारणारी मुले प्रेक्षकांना तयार वाटतात, त्याचे कारण तेच.

नेदरलँड्समध्ये औदेयान्स यांनी पोलिसांवर केलेला अभ्यास (२००८) याच्याही पुढे जातो. एका गटाने पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर नेमबाजीचा सराव केला. दुसऱ्या गटासमोर रंगीत साबणाच्या गोळ्या उलट झाडणारी माणसे होती. पूर्वी दोन्ही गटांची नेमबाजी दडपणाखाली घसरत असे. सरावानंतर पुठ्ठ्यावर शिकलेल्यांची घसरत राहिली, दुसऱ्या गटाची टिकली. गट लहान होते, हे नोंदवले पाहिजे. पण भीतीचा सराव भीतीतच होतो, हे अनुभवाशी जुळते.

मग ‘काता’, म्हणजे हालचालींची ठराविक मालिका, टाकाऊ का? आम्ही तसे म्हणणार नाही. छायाचित्रण नसलेल्या काळात डाव पुढच्या पिढीला पोचवण्याचे ते साधन होते. ओकिनावात इतोसू आंको यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी कराटे शाळांत आणले ते शरीरशिक्षण म्हणून, मोठ्या वर्गाला एकत्र शिकवता येईल अशा सोप्या मालिका रचून. व्यायाम, तोल, शिस्त, आनंद यांसाठी काता उत्तम आहे. कोल्हापूरचा दांडपट्टाही असाच. रणांगण गेले, कला राहिली, आणि ती पाहण्याजोगी आहे. पट्ट्याने लिंबू कापणाऱ्याला कोणी स्वसंरक्षणाचे प्रमाणपत्र मागत नाही. आक्षेप आहे तो ‘व्यायाम’ या पाटीखालची गोष्ट ‘बचाव’ या पाटीखाली विकण्याला.

कारण बचावाच्या नावाने आपण हे मुलींना शिकवतो आहोत. समग्र शिक्षा योजनेत शाळकरी मुलींसाठी तीन महिन्यांच्या स्वसंरक्षण प्रशिक्षणाची तरतूद आहे. हेतू चांगला आहे. पण पुष्कळ ठिकाणी तीन महिन्यांत मिळतात ते काही ठोसे, दोन काता आणि शेवटी प्रात्यक्षिक. हल्लेखोर अंधारातून येणारा अनोळखी पुरुष असे सर्वत्र गृहीत धरलेले असते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी दहात नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मित्र. ज्याला ‘काका’ म्हणायचे त्याच्या हाताला झिडकारणे ही अडचण ठोशाच्या ताकदीची नाही.

या बाबतीत एक चांगला प्रयोग झालेला आहे. कॅनडात शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतील पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींची यदृच्छेने दोन गटांत विभागणी केली आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटाला केवळ माहितीपत्रके दिली. दुसऱ्या गटाला बारा तासांचे प्रशिक्षण दिले: ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका कसा ओळखावा, भिडस्तपणामुळे आपण तो कसा नाकारतो, मोठ्याने ‘नाही’ कसे म्हणावे, स्वतःला काय हवे आहे हे कसे ठरवावे. शरीराने प्रतिकार करण्याला यातले दोनच तास होते. वर्षभरात बलात्काराचे प्रमाण पहिल्या गटात ९.८ टक्के, तर दुसऱ्यात ५.२ टक्के आढळले. हे आकडे कॅनडाच्या विद्यापीठातले आहेत, आपल्या आठवीच्या वर्गाला ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत. शिवाय गुन्ह्याची जबाबदारी गुन्हेगाराचीच असते. जी मुलगी प्रतिकार करू शकली नाही तिच्यावर त्यातून कसलाही ठपका येत नाही, हे त्या प्रशिक्षणातच स्पष्टपणे सांगतात. पण काळ्या पट्ट्यापर्यंतची पाच वर्षे नव्हे, नीट आखलेले बारा तास, आणि त्यांतले दहा तास विचाराचे, हे प्रमाण आपल्या योजना आखणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावे.

येथपर्यंत वाचून एखादा उत्साही क्रीडाशिक्षक उद्यापासून मुलांच्या खऱ्या लढती लावील, अशी आम्हांला धास्ती वाटते. म्हणून जपानचा दुसरा अनुभव सांगितला पाहिजे. नागोया विद्यापीठातील रियो उचिदा यांनी अपघातांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा दिसले की १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत जपानच्या शाळांतील ज्यूदोत शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले होते. बहुतेकांना डोक्याची इजा होती आणि नवशिके त्यांत पुष्कळ होते. डोके जमिनीवर आपटलेच पाहिजे असेही नाही. मागे फेकले जाताना डोके झटक्याने फिरते, मेंदू कवटीच्या मागे राहतो आणि दोहोंना जोडणाऱ्या बारीक शिरा फाटून रक्त साचते. २०१२ सालापासून तेथील माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या होणार होत्या, म्हणून हा प्रश्न ऐरणीवर आला. नवशिक्यांना मागे फेकण्याचे डाव लगेच शिकवायचे नाहीत, आधी पडायला शिकवायचे, डोके दुखत असेल तर त्याला उतरवायचे नाही, अशा सूचना निघाल्या आणि मृत्यू झपाट्याने घटले. विरोधासह सराव उपयोगी आहे आणि त्याला किंमत आहे. मुष्टियुद्धातील डोक्यावरच्या माराबद्दल तर वेगळे सांगायला नको. शाळेच्या वयात डोक्यावर ठोसे मारण्याची लढत आम्ही कोणत्याही कारणासाठी मान्य करणार नाही.

मनगट, दंड किंवा मागून कंबर धरणे आणि ते सोडवून पळणे. ढकलाढकलीत तोल सांभाळणे. खाली पडल्यावर उठणे. एवढे मात्र शाळेत जोर लावून, सुरक्षितपणे करता येते. आणि ते मोजताही येते. नववीच्या दोन तुकड्या असतील तर चिठ्ठ्या टाकून एकीला पहिल्या सत्रात प्रशिक्षण द्यावे, दुसरीला दुसऱ्या सत्रात. सुरुवातीला आणि पहिले सत्र संपताना दोन्ही तुकड्यांतील प्रत्येक मुलीची परीक्षा घ्यावी. धरणारी मुलगी दुसऱ्या वर्गातली, साधारण तिच्याच वजनाची, त्या प्रशिक्षणाची काही माहिती नसलेली असावी. तिला ‘सुटू देऊ नकोस’ एवढेच सांगावे, आणि कोणती तुकडी शिकली आहे हे तिला कळू देऊ नये. दहापैकी किती वेळा पाच सेकंदांच्या आत सुटका झाली हे लिहावे. प्रशिक्षक स्वतः परीक्षक नसावा. मनगट दुखल्यास ‘थांब’ म्हणताच हात सोडायचा, हा एकच नियम दोघींना पाळायला लावावा. ज्या शाळा असे करून पाहतील त्यांनी दोन्ही तुकड्यांचे आकडे आम्हांला कळवावेत. फरक पडला नसेल, तर तेही अवश्य कळवावे.